वर्षावनातली पहिली रात्र: आधी काय शिकायचं आणि काय बाजूला ठेवायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुढच्या वर्षी विषुववृत्ताजवळच्या वर्षावनात कॅमेरा-ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावायच्या कामावर 8 महिने जायचंय. डोंगर चढायची सवय आहे, पण असं जंगल कधी पाहिलेलं नाही. लाकूड घासून आग पेटवणं, फासे लावणं, खाण्याजोग्या वनस्पती ओळखणं हे व्हिडिओ बघून सुरू केलंय, एक दणकट सुरासुद्धा घेऊन झालाय. हे सगळं अंगवळणी पडायला किती दिवस लागतील आणि दोन दिवसांचा कोर्स पुरेल का?

दोन दिवसांत तिन्हींची तोंडओळख होईल. पण खरं सांगू का, त्यातलं काहीही तुमच्या कामी येण्याची शक्यता फार कमी. गेली 22 वर्षं मी वनस्पती-सर्वेक्षणाच्या तुकड्यांबरोबर जंगलात जातोय, आधी बोर्निओत आणि नंतर पश्चिम अ‍ॅमेझॉनमध्ये. नव्या माणसांना तयार करणं हे आता माझं निम्मं काम आहे. रात्री तळावर परत न आलेल्यांना शोधायलाही बऱ्याच वेळा गेलोय. उपासमारीनं बेजार झालेला माणूस मला अजून सापडायचाय. सापडले ते भिजून काकडलेले, पाय मुरगळलेले, कोयत्यानं स्वतःचीच नडगी कापून घेतलेले. आणि बहुतेक जण तळापासून इतक्या जवळ की नंतर सांगताना त्यांनाच ओशाळल्यासारखं व्हायचं. कोणी पक्ष्याच्या मागे गेलेलं, कोणी नुसतं आडोशाला.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेतो. दुपारचे साडेचार झालेत, पाऊस लागलाय, सोबतचा माणूस दिसत नाही, वाट कुठल्या बाजूला राहिली ते कळत नाही आणि पाठीवर एक छोटी पिशवी आहे. इथून उद्या सकाळपर्यंत धड राहायचं कसं, आणि सकाळी सापडायचं कसं? एवढं जमलं तर पुढचे 8 महिने निभावतात.

बाकी पुष्कळसं तुमच्या जंगलावर अवलंबून आहे, आणि ते मला माहीत नाही. डोंगरउतारावरचं जंगल आणि पुराच्या पाण्यात अर्धं वर्ष उभं असलेलं जंगल यांचे धोके वेगळे. बोर्निओत ज्या काटेरी वेतानं माझे दोन शर्ट फाडले तो वेत अ‍ॅमेझॉनमध्ये नाही. तिथल्या बुलेट मुंगीचा दंश बोर्निओत कुणाला माहीत नाही. तुमची तुकडी किती माणसांची, तळ नदीकाठी की आत, जवळचा दवाखाना तासांच्या अंतरावर की दिवसांच्या, तुम्हाला पोहता येतं का, यावरही सल्ला बदलतो. खाली लिहितोय ते बहुतेक ठिकाणी लागू पडणारं. तुमचा स्थानिक माणूस त्याच्या उलट सांगत असेल तर त्याचं ऐका.

माझ्या पहिल्याच हंगामातली गोष्ट सांगतो, कारण मी शिकवतो त्यातलं निम्मं त्यातूनच आलंय. सर्वेक्षणासाठी जंगलात आखलेल्या रेषेवरून चाललो होतो. बाजूला जमिनीवर एक ताजं गळलेलं फूल दिसलं. कुठल्या झाडाचं म्हणून वर बघत बघत चाळीसेक पावलं आत गेलो. झाड सापडलं, नमुना पिशवीत टाकला, मागे वळलो, तर रेषा नाही. चाळीस पावलं परत आलो, पन्नास आलो, साठ आलो. मग सगळेच करतात ते मीही केलं: वेग वाढवला. अर्ध्या तासानं एका आडव्या खोडापाशी पोचलो. त्यावरचं शेवाळ बुटानं खरवडलेलं होतं. बूट माझाच.

मराठीत याला चकवा लागणं म्हणतात, आणि त्यात भुताखेताचा काही संबंध नाही. 2009 मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि जीपीएसनं त्यांचा माग काढला. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. जंगलात आभाळ भरून आलं तेव्हा ती गोल फिरून आपल्याच वाटेवर येऊन पोचली, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. वर्षावनात जमिनीपर्यंत जेमतेम 2 टक्के उजेड येतो. भर दुपारीही सूर्य नेमका कुठे आहे ते सांगता येत नाही. म्हणजे डोक्यावर कायमच ढग.

त्या दिवशी मी दीड तास फिरलो आणि उजेड घालवला. विषुववृत्तावर दिवस वर्षभर साधारण 12 तासांचाच. सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, संधिप्रकाश असा फारसा नसतोच, आणि झाडांखाली पाचलाच अंधारून येतं. बोर्निओत एक मोठा सिकाडा, म्हणजे झाडावर बसून कर्कश ओरडणारा किडा आहे, तो रोज साधारण सहाला कारखान्याचा भोंगा वाजावा तसा ओरडतो. तिथे काम करणारे त्याला ‘सहाचा सिकाडा’च म्हणतात. तो ओरडला तेव्हा माझ्याकडे ना निवारा होता, ना कोरडा कपडा, ना शिट्टी. एका मोठ्या झाडाच्या फाकलेल्या आधारमुळांच्या बेचक्यात पाठ टेकून बसलो. शर्ट पिळून पुन्हा अंगात घातला. हवा 22 अंशांच्या खाली गेली नसेल, तरी पहाटे माझे दात वाजत होते. समोरच्या पाचोळ्यात बुरशीचा फिकट हिरवा उजेड पसरला होता. एरवी मी तासभर बघत बसलो असतो, त्या रात्री नुसती चीड आली. सकाळी टण, टण, टण असा आवाज आला. तळावर कोणीतरी पातेल्याचं झाकण बडवत होतं. मी तीनशे मीटरवर होतो.

तेव्हापासून माझा पहिला नियम एकच, आणि तो मी नव्या माणसाकडून रोज म्हणून घेतो: वाट दिसेनाशी झाली की तिथेच थांबायचं. पिशवी खाली ठेवायची, त्यावर बसायचं, पाणी प्यायचं, घड्याळ बघायचं. मग जिथे बसलात तिथल्या झाडाला रंगीत फीत बांधायची, तीन वेळा शिट्टी फुंकायची, ऐकायचं. शोधायला उठलात तर ती फीत दिसत राहील इतपतच जायचं, दुसरी फीत बांधायची, परत यायचं, दुसऱ्या दिशेला जायचं. फीत संपली असेल तर रोपट्याची फांदी मोडून पानाची फिकट, खालची बाजू वर करून ठेवायची. हिरव्या गर्दीत ती लांबून उठून दिसते. अंधार पडायला दोन तास उरले की शोध बंद. इथे लोक माझ्याशी वाद घालतात. ‘अजून उजेड आहे की!’ हो, आणि तोच उजेड रात्रीच्या तयारीला लागणार आहे.

थांबायचं की चालायचं, हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना खरी उदाहरणं आहेत. 24 डिसेंबर 1971 ला पेरूत वीज पडून लान्सा 508 हे विमान हवेतच फुटलं. 17 वर्षांची युलियाना कोपके आसनाला बांधलेल्या अवस्थेत सुमारे 3 किलोमीटर उंचीवरून खाली आली आणि वाचली. तिनं एक ओढा धरला, ओढ्यावरून नदी गाठली आणि अकराव्या दिवशी माणसांपर्यंत पोचली. हे ऐकून लोक म्हणतात, बघा, पाण्याच्या कडेनं चाला. पण ती त्याच जंगलातल्या संशोधन केंद्रावर आईवडिलांबरोबर राहिलेली होती. पाणी माणसांकडे जातं हे वडिलांनी तिला शिकवलं होतं, आणि तिथल्या पक्ष्यांचे आवाज ऐकून मोठं पाणी जवळ आहे हे तिला कळत होतं. शिवाय ती कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

दुसरं उदाहरण कोलंबियातलं. 1 मे 2023 ला एक छोटं विमान जंगलात पडलं. मोठी माणसं दगावली, चार भावंडं वाचली. थोरली 13 वर्षांची, धाकटं वर्षाचंही नव्हतं. ती 40 दिवसांनी, 9 जूनला सापडली. मुलं आदिवासी घरातली, जंगल जाणणारी. विमानातलं कसावा नावाच्या कंदाचं पीठ त्यांनी बरोबर घेतलं, पुढे रानातल्या बिया-फळांवर तग धरला. पण मुलं हलत होती आणि शोधणारेही हलत होते, त्यामुळे चुकामूक होत राहिली. म्हणून हेलिकॉप्टरवरून आजीचा आवाज ऐकवला गेला: बाळांनो, जिथे आहात तिथेच थांबा. तुकडीबरोबर कामावर गेलेल्या माणसाला हे दुसरं उदाहरण लागू आहे. तुम्ही कुठे गेला होता हे तळाला माहीत आहे, उद्या सकाळी कोणीतरी निघणार आहे. तुम्ही एका जागी असाल तर त्यांचं काम दहापट सोपं. निघण्याआधी तुमची दिवसाची वाट तळावरच्या फळ्यावर लिहिलेली असेल तरच, अर्थात.

आता ओल. तुमच्या व्हिडिओंत हिच्यावर एक मिनिटही नसेल, आणि मी मात्र पहिले दोन दिवस हीच शिकवतो. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं. दिवसा भिजणं अटळ आहे. पाऊस नसला तरी घामानं भिजता, आणि हवेत इतका दमटपणा की तो घाम वाळतच नाही. ओलं राहून चालता येतं. ओलं झोपता येत नाही. म्हणून दोनच जोड: एक ओला, एक कोरडा. कोरडा जोड दुहेरी पिशवीत बांधून ठेवायचा आणि फक्त अंथरुणात घालायचा. सकाळी तो उतरवून पुन्हा घट्ट बांधायचा आणि कालचा थंडगार, चिखलाचा, वास मारणारा जोड अंगावर चढवायचा. जगभरातल्या लष्करी जंगल प्रशिक्षणात हाच रिवाज आहे. चौथ्या दिवशी सकाळी कोरडे कपडे तसेच घालून निघायचा मोह होतो, आणि तो एकदा पुरवलात की दोन्ही जोड ओले. दिवसाच्या फेरीवरही बनियन-पँटचा एक कोरडा संच आणि हलकी ताडपत्री पाठीवर असलीच पाहिजे.

झोप जमिनीपासून वर. मुंग्या, विंचू, जळवा हे एक कारण, पण मोठं कारण म्हणजे ओली जमीन रात्रभर ऊब शोषत राहते. हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये दोरीनं बांधायची कापडी झोळी, असेल तर उत्तम. ताडपत्री चारी बाजूंनी ताणून बांधलीत तरी पाऊस दोरीवरून ओघळत येतो आणि थेंब थेंब करून हॅमॉकचं कापड डोक्याशी आणि पायाशी भिजवतो. मध्यरात्री जाग येते तेव्हा पाठीखाली डबकं. उपाय वीतभर सुतळीचा. हॅमॉकच्या दोरीला, ताडपत्रीच्या आडोशाच्या आत, एक सुतळी गाठ मारून खाली लोंबती सोडायची. पाणी दोरीवरून येतं, सुतळीपाशी वळतं आणि जमिनीवर पडतं. दोन्ही टोकांना एकेक. टॉर्च न लावता, ओल्या बोटांनी ही गाठ मारता आली म्हणजे शिकलात असं मी समजतो.

हॅमॉक नसेल तर फांद्यांचा जाड थर, त्यावर मोठ्या पानांचा थर, वर ताडपत्री. जागा निवडताना आधी वर बघा. वर्षावनात साप-वाघापेक्षा मी वाळक्या फांदीला जास्त भितो. रात्री वारा नसतानाही, नुसत्या भिजलेल्या ओझ्यानं फांद्या आणि अख्खी झाडं कोसळतात. सुकलेलं झाड, पोकळ खोड, वर अडकलेली फांदी दिसली की तिथून हलायचं. नंतर खाली बघा: झुडपांत उंचावर पाचोळा-काटक्या अडकल्या असतील तर पुराचं पाणी तिथवर येऊन गेलंय. वरच्या डोंगरात झालेला पाऊस तुम्हाला ऐकू येत नाही, पण ओढा रात्रीत पुरुषभर चढतो.

पायांबद्दल थोडं लांबण लावतो. चिखल्या झाल्या तर एरवी माणूस मलम लावतो आणि विसरतो. इथे आठवडाभर पाय ओल्या बुटात राहिले की तळव्याची कातडी पांढरी, सुरकुतलेली होते, मग भेगा, मग सालं. 1981 मध्ये बोलिव्हियात तुइची नदीत सोबत्यापासून ताटातूट झालेला योसी गिन्सबर्ग तीनेक आठवडे जंगलात एकटा होता, आणि पाय कुजल्यामुळे पुढे त्याला पाऊल टाकणंही जड झालं होतं. (त्याला शोधून काढलं तेही त्याच सोबत्यानं, स्थानिक माणसांना घेऊन. हाही धडाच.) रात्रीचे आठ तास पाय कोरडे, उघडे, पावडर लावलेले राहिले तर दिवसभराची ओल ते सोसतात. माझ्या तुकडीत झोपायच्या आधी तळवे तपासायची पद्धत आहे, एकमेकांचे. नव्यांना पहिले दोन दिवस संकोच वाटतो.

आगीचं सांगतो. लाकूड घासून आग पेटवायची कला मला येते, शिकायला एक पावसाळा गेला, आणि खऱ्या गरजेच्या वेळी ती मी एकदाही वापरलेली नाही. तीन लायटर न्या, तीन वेगळ्या ठिकाणी: एक खिशात, एक पिशवीत, एक गळ्यात प्लास्टिकमध्ये बांधून. बरोबर सायकलच्या ट्यूबच्या बोटभर पट्ट्या; रबर ओलं असलं तरी पेटतं आणि चांगलं दोन-तीन मिनिटं जळतं. खरं कसब लाकूड निवडण्यात आहे. जमिनीवरचं सगळं स्पंजासारखं भिजलेलं. मेलेलं पण अजून उभं असलेलं, मनगटाएवढं झाड शोधा, तोडा, उभं चिरा. साल आणि बाहेरचा इंचभर भाग ओला, आतला गाभा कोरडा असतो. त्या गाभ्याच्या ढलप्या काढा, काही ढलप्या पूर्ण न तोडता पिसासारख्या कुरळ्या ठेवा. पेटवण्याआधी तुम्हाला वाटतं त्याच्या तिप्पट सरपण ताडपत्रीखाली रचून ठेवा. पहिल्या रात्री आग जमली नाही तर सोडून द्या आणि कोरड्या कपड्यांत पडा. आगीच्या मागे लागून उरलेला उजेड आणि उरलेली ताकद दोन्ही घालवलेली माणसं मी पाहिलीत.

प्यायच्या पाण्याची टंचाई इथे क्वचितच. ताडपत्रीवरून ओघळलेलं पावसाचं पाणी सगळ्यांत बरं. ओढ्याचं असेल तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट. क्लोरीनच्या गोळ्या चालतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी त्यांना दाद देत नाही, तेव्हा गाळणी बरोबर ठेवा. वेल तोडून पाणी पिणं दिसायला झकास. दुधाळ किंवा रंगीत चीक आला तर तोंडही लावू नका, आणि तुम्ही वेल ओळखत नाही, म्हणून स्वच्छ दिसलं तरी माझा सल्ला नकोच. घामातून मीठही जातं, नुसतं पाणी ढोसत राहिलात तर डोकं गरगरेल. 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ, हे पाठ करून ठेवा.

खाण्याचं एका वाक्यात: दोन-तीन दिवस उपाशी राहिलात तर काही बिघडत नाही, अनोळखी कंद किंवा अळंबी खाऊन उलट्या-जुलाब लागले तर सगळंच बिघडतं. फासे लावायला शिकू नका. तुम्ही जिथे जाताय तिथले प्राणी मोजायला जाताय.

हातांची शिस्त मात्र आतापासूनच लावा. घसरताना माणसाचा हात आपोआप जवळच्या खोडाकडे जातो, आणि त्या खोडावर काटे, मुंग्या, केसाळ सुरवंट किंवा एखादा हिरवा साप असतो. एक काठी हातात ठेवा, घसरलात तर सरळ ढुंगणावर बसा. पानामागे गांधीलमाशांचं पोळं असतं, म्हणून कोयता चालवण्याआधी काठीनं पान हलवून बघा. कोयत्याबद्दल तर मी फार कडक आहे. घाव अंगापासून लांब, तिरका, आणि हात लांब करून धरलेल्या कोयत्याच्या टप्प्यात दुसरं कोणी नाही, याची खात्री करून. माझ्या तुकड्यांत आजवर सापानं दोघांना गाठलंय. कोयत्यानं किती जणांना ते मी मोजणं सोडून दिलं. साप चावलाच तर चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही. अंगठ्या-घड्याळ काढायचं, तो अवयव फळीसारखा स्थिर ठेवायचा, माणसाला शक्यतो चालवायचं नाही, आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्याकडे निघायचं. म्हणूनच तो दवाखाना कुठे आहे ते जाण्याआधी माहीत हवं.

सापडण्याचं साधन म्हणजे शिट्टी. घसा अर्ध्या तासात बसतो, शिट्टी दोन दिवस वाजते. तीन फुंकी, थांबा, पुन्हा तीन. ती पिशवीला बांधू नका, गळ्यात घाला. पिशवी नदीत गेलेली माणसं असतात. वरून हेलिकॉप्टरला तुम्ही दिसणार नाही, झाडांच्या शेंड्यांचं छत तीस-चाळीस मीटर उंच आणि घट्ट आहे, धूरही त्यात अडकून पसरतो. आभाळ उघडं हवं असेल तर नदीचं वळण, वाळूचा पट्टा किंवा मोठं झाड पडून झालेली मोकळी जागा. तुमच्या संस्थेकडे 406 मेगाहर्ट्झचं, उपग्रहाला हाक देणारं आणीबाणीचं बीकन आहे का ते आजच विचारा. असेल तर ते तुमच्या नावावर नोंदवलेलं हवं, आणि ते तळावरच्या पेटीत राहून उपयोगाचं नाही. झाडीत त्याचाही संदेश क्षीण होतो, म्हणून ते चालू करायलाही मोकळं आभाळ शोधा.

आता शिकायचं कसं. तुमच्या हातात वर्ष आहे, ते पुष्कळ झालं. पहिले तीन-चार महिने जंगलाशिवायच: रानावनातल्या प्रथमोपचाराचा पूर्ण कोर्स, कच्चं असेल तर पोहणं, आणि होकायंत्र. होकायंत्राबरोबर पावलं मोजायला शिका: सपाटीवर, चढावर, चिखलात तुमची 100 मीटरला किती पावलं पडतात ते लिहून ठेवा. दाट झाडीत तासाला एक किलोमीटर झालं तरी खूप, आणि छताखाली जीपीएस दगा देतं तेव्हा हीच मोजणी उरते. चार गाठी पुरेत, पण त्या अंधारात, ओल्या दोरीनं. जोराच्या पावसात बाहेर जाऊन ताडपत्री बांधा आणि चूल पेटवा. अंगणात केलंत तरी चालेल. कोरड्या हवेत केलेला सराव इथे फसवतो.

त्यानंतर खऱ्या वर्षावनात किमान 5 ते 7 दिवसांचा कोर्स. दोन दिवसांचा नको, कारण ओल खरी चावते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि तुम्ही शिस्त कुठे सोडता हे तेव्हाच कळतं. ब्राझीलच्या लष्कराचं मनाउसमधलं जंगल-प्रशिक्षण केंद्र 1964 पासून चालू आहे. तिथल्या सैनिकांनासुद्धा हे अनेक आठवडे शिकवतात. शिकवणाऱ्याला फोनवर चार प्रश्न विचारा: कोणी जखमी झालं तर बाहेर कसं काढता, किती तासांत? उपग्रह फोन कुणाकडे असतो? एका शिकवणाऱ्यामागे किती जण? तुकडीत त्याच जंगलात वाढलेला माणूस आहे का? पहिल्या प्रश्नावर जो अडखळतो त्याच्याकडे जाऊ नका. मी एकदा गेलो होतो. तिसऱ्या दिवशी एकाला हाताला खोल जखम झाली तेव्हा कळलं की होडीवाल्याला परत यायला सांगितलं होतं ते थेट रविवारी.

चौथ्या प्रश्नाचं कारण साधं आहे. मी शिकवतो त्या गोष्टी तुम्हाला जिवंत ठेवतील, पण कुठली फळं माकडं खातात आणि तरी माणसानं खाऊ नयेत, कुठल्या झाडाचा डिंक पावसात पेटतो, कुठल्या आवाजाला दचकायचं, हे त्या-त्या जंगलाचं ज्ञान आहे आणि ते पुस्तकात नाही. कामावर पोचल्यावर पहिला महिना स्थानिक माणसाच्या मागे, त्याच्या पावलावर पाऊल टाकून चाला. प्रश्न कमी विचारा, तो कुठे थांबतो ते बघा. वनस्पतींची हौस तेव्हा भागवा.

सुरा चांगला आहे, ठेवा. लाकूड चिरायला येईल. पण कंबरेला लावण्याआधी शिट्टी गळ्यात घाला. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: घरी परत आल्यावर ताप आला, अगदी काही महिन्यांनी आला तरी, डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं की मी वर्षावनात होतो, मलेरियाची तपासणी करा. त्यांना ते विचारायचं सुचेलच असं नाही.